अकरावा रकाना

खानापूरच्या तहसीलदार कचेरीसमोर
गुलमोहराखाली माझं टेबल.
मराठीतून सांगा, कन्नडमध्ये लिहून देते.
अर्जाला पन्नास रुपये,
भाऊबंदकी असेल तर साठ.

लुमाण्णा दुपारचा आला,
खिशात चार घड्यांचा फॉर्म.
दारू सुटलेल्यानं दारूत अडकलेल्याच्या शेजारी बसायचं,
ह्या कामाला आता परवाना निघालाय.
नऊ वर्षं तो हे फुकट करतोय.
रात्री दोनला कुणाचे हात थरथरले
की लुंगीवरच सायकल काढतो.
फुकटालाही शिक्का लागतो म्हणे.

दहावी पास?
"नववीत दोनदा बसलो, ओ बाई.
दोन नवं अठरा लिवा की."

पोलीस दाखला.
इथं तो गप्प झाला.
लोंढ्याच्या स्टँडवर फुटलेली बसची काच,
बस इकडची की तिकडची तेही आठवत नाही,
गुन्हा मात्र तारखेसकट लिहिलेला.
ज्या रात्रीनं त्याला ह्या कामाचं केलं
तीच रात्र त्याला बाद करणार.
हे कन्नडमध्ये कसं बसवू?
जागा दीड ओळ.

मग, आजाराचा पुरावा जोडा.
धारवाडच्या दवाखान्याचं पिवळं कार्ड,
भरतीची तारीख, डॉक्टरची सही.
तो हसला, पुढचा दात नसलेलं हसू.
"ते मलप्रभेत सोडलं की.
असोग्याच्या घाटावर बायकोनं नारळ सोडला,
मी कार्ड.
बरा झालो म्हणून सोडलं,
आणि आता बरा झालो म्हणायला तेच मागालेत.
सौंदत्तीच्या धरणातला गाळ उपसाय लागंल, खरं."

अकरावा रकाना: अनुभव.
तिकडेही अनुभव, इकडेही अनुभव,
ह्या एका शब्दाचे मी पैसे घेऊ शकत नाही.
किती वर्षं लिहू, विचारलं.
"कुठनं मोजालेत?
पहिल्या घोटापासनं, का शेवटच्या?"
फॉर्म उलटून पाहिला.
मागे फक्त छापखान्याचं नाव.

बारावा: लाभ झालेल्या दोघांची नावं,
पत्ते, सह्या.
त्यानं कागद माझ्याकडे सरकवला.
"नावं नाय देणार."
त्याशिवाय पुढं जात नाही, मी म्हटलं.
"मग राहू दे इथंच."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
"कुठं हाईस?
ते ऱ्हाऊ दे, आधी रुळावरनं उठ.
उठलास? आता सांग, जेवलास काय?"
बोलत बोलतच सायकलीवर टांग टाकली,
फॉर्म राहिला टेबलावर,
वर मी कौलाचा तुकडा ठेवला, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून.

साडेपाचला कचेरी बंद होते.
शिपाई कुलूप ओढून पाहतो, दोनदा.
मी बसून होते.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना.
रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं,
माझा धाकटा भाऊ आत, आतून कडी,
आणि उंबऱ्यावर बसून
दाराशी बोलणारा एक माणूस:
भाताच्या तरव्याबद्दल, आटलेल्या म्हशीबद्दल,
मधेच नुसता बसायचा,
मग पुन्हा म्हशीबद्दल.
उजाडल्यावर कडी निघाली.
चहा घेतला नाही त्यानं.

तेव्हापासून बाजारात, बँकेत, कितीदा समोर आला,
कधी ओळख दाखवली नाही.
आजसुद्धा "ओ बाई" म्हणाला.

बाराव्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं,
पत्ता, सही, अक्षर जरा वाकडं.
दुसऱ्या नावाची जागा कोरी आहे.
घरी गेल्यावर भावाला विचारीन.
तो नाही म्हणाला,
तर तेही बरोबर.